अकराशे चारचा जुना शब्द

आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. या भुताखेतांच्या अनुभवांच्या सदरात लिहिणाऱ्यांची मला कायम गंमत वाटत आली आहे. अंक आला की मी पहिलं हेच पान उघडते, आणि वाचून झालं की हसते. माझं बालपण गेलं नवापूरला, समुद्राकाठी. पहाटे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आईच्या मागोमाग स्मशानाच्या कडेनं जायचं, हे माझं रोजचं. त्या वाटेवर इतक्या वर्षांत मला काय दिसलं? कुत्री. तीही मासळीच्या वासानं आलेली. त्यामुळे असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, आणि आजही मानते असं म्हणणार नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. नावं, नंबर बदललेत... माझं नाव सोडून. मला सगळे नमूमावशी म्हणतात, तेच राहू दे.

बोईसरहून कुंभवलीकडे जाताना जे नवे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या एका चौदा मजली बिल्डिंगची मी केअरटेकर. हा शब्द कमिटीचा. माझं काम म्हणजे चाव्या. आधी बरीच वर्षं एका कारखान्यात पॅकिंगला होते, गुडघे बोलायला लागले तेव्हा सोडलं, आणि इथे खाली ऑफिसात बसायला मिळालं. शिक्षण चौथी. बाकीचं लिहिणं मला रजिस्टरनं शिकवलं.

तुम्हाला वाटेल, चाव्या सांभाळण्यात काय एवढं? अहो, आमच्याकडे निम्मे मालक इथे राहतच नाहीत. कोणी मुंबईला, कोणी दुबईला. काही फ्लॅट कंपन्यांनी घेतलेत, तिथे तीन शिफ्टचे तीन इंजिनीअर आणि चावी एक. शिवाय इंटरनेटवाला येतो, झुरळांचं औषध मारणारा येतो, एजंट गिऱ्हाईक घेऊन येतो. आणि प्रत्येक जण म्हणतो, "मावशी, साहेबांशी बोलणं झालंय, चावी द्या." झालं असेल हो बोलणं. मला काय माहीत?

म्हणून मी माझी पद्धत बसवली. चावीवर फ्लॅटचा नंबर लिहायचा नाही. बोर्ड चोरीला गेला तर चोराला पत्ताच दिल्यासारखं होईल. आमच्या नवापूरला जाळ्याच्या बोयांवर, म्हणजे तरंगत्या गोळ्यांवर, प्रत्येक घराची वेगळी खूण रंगवतात, तसे मी जुन्या बोयांचे तुकडे कापून प्रत्येक चावीला बांधले. कुणाला दोन रेघा, कुणाला लाल टिकली, कुणाला मासा. कुठली खूण कुणाची, ते माझ्या डोक्यात.

आणि दुसरं म्हणजे शब्द. प्रत्येक घरानं मला एक शब्द देऊन ठेवायचा. फोनवरून किंवा इंटरकॉमवरून कोणी चावी मागितली तर आधी शब्द सांगायचा. बरोबर असला तर चावी, नसला तर नाही. हे शब्द मी कुठेही लिहीत नाही. एका साहेबांनी शब्द दिला 'पासवर्ड'. म्हटलं, "साहेब, हा तर चोर पण पहिला सांगेल." एकांनी एका बाईचं नाव दिलं, ते त्यांच्या मिसेसचं नव्हतं... असो. ते माझ्या डोक्यात आहे, आणि तिथेच राहील.

रजिस्टरात मात्र सगळं लिहिते. चावी कधी गेली, कधी आली, आणि कोणाला नाकारली तेही. ही नाकारल्याची नोंद पुढे महत्त्वाची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता फ्लॅट नंबर अकराशे चार. तिथे सावेकाका आणि कुमुदवहिनी राहायला आले तेव्हा टॉवरच्या लिफ्टला अजून नव्याचा वास होता. मूळचे घिवलीचे. वाडी होती, केळी, चिकू, सगळं. काका जन्मभर एमआयडीसीत बॉयलरवर होते. मुलगी वैशाली नाशिकला. वाडी भावाला कसायला दिली आणि दोघं अकराव्या मजल्यावर आले. वहिनी म्हणायच्या, "मावशी, आमी झाडावर राहायला आलो बघा, माकडासारखे."

शब्द द्यायला दोघं एकत्रच आले होते. वहिनींनी पटकन सांगितलं, "सुकेळी."

काका म्हणाले, "अगं, शब्द म्हणजे जरा भारी नको का? सोनं, मोती असलं कायतरी ठेव."

"सोनं चोर पण शोधतो," वहिनी म्हणाल्या. "सुकेळी कोण शोधतंय? तुमी सोडून."

काकांचा सुकेळ्यांवर जीव. वाडीतली राजेळी केळी वाळवून केलेली, पानात गुंडाळलेली, मधासारखी. वहिनी तो शब्द उच्चारायच्या पण अशा, की मधल्या 'के'वर जरा रेंगाळायच्या. सुकेऽळी. नंतर दर वर्षी एक पुडी माझ्या टेबलावर यायची. "घ्या मावशी, तुमचा पासवर्ड."

वहिनींना इंटरकॉमचं भारी वेड. बाजारातून आल्या की खालूनच माझ्या टेबलावरचा फोन उचलायच्या, "अहो, खाली या, पिशवी जड हाय." पिशवीत असायची कोथिंबिरीची जुडी आणि पाव. काका तरी यायचे खाली. रोज.

मागच्या वर्षी होळीच्या आधी वहिनी गेल्या. चार दिवसांचं दुखणं. तेरावं झालं आणि काका ऑफिसात आले. बसले नाहीत, उभ्याउभ्याच बोलले.

"नमूताई, तो शब्द बदला."

"काय ठेवू?"

"काय पण ठेवा. व्हॉल्व्ह ठेवा."

मी मान हलवली. आणि मग, सवय हो, शब्द बदलला की मी प्रत्येकाला सांगते तेच तोंडातून गेलं. कारण घरात सांगितलं नाही तर घरचाच माणूस दारात अडकतो, हे मी पाचपन्नास वेळा पाहिलंय. म्हटलं, "घरात सगळ्यांना सांगा हां, शब्द बदललाय म्हणून."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "घरात कोण हाय आता?"

मी खाली मान घालून बोर्डावरच्या चाव्या उगाच सारख्या केल्या.

त्यानंतर काका एकटेच. मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती, की एकट्या माणसानं आतली कडी लावायची नाही, नुसतं लॅच ओढायचं, म्हणजे वेळ आलीच तर बाहेरून चावी चालते. ते पाळायचे. संध्याकाळी पाचला खाली येऊन माझ्या ऑफिसाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि माझा वाचून झालेला अंक भिंग लावून वाचायचे. हे सदर वाचून आम्ही दोघं हसायचो. "नमूताई, याला म्हणावं बॉयलर हाऊसला एक दिवस ये, किती आवाज येतात ते ऐक."

आता तो दिवस. श्रावणातला मंगळवार. आदल्याच आठवड्यात शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये कोणीतरी फोनवर गोड बोलून चावी मिळवली आणि घर धुऊन नेलं. आमच्या कमिटीनं मला बोलावून सांगितलं, "मावशी, शब्द चुकला की चावी नाही. कोणी का असेना." मी म्हटलं, ते मला शिकवू नका, ती पद्धत माझीच आहे. पण मनात टोचलं होतं. तेव्हा मी जरा जास्तच कडक झाले होते, हे खरं.

सकाळी साडेदहाला काका पेपर घेऊन वर गेले. चांगले होते. मला म्हणाले, "पाऊस पडून गेला तरी उकाडा बघा."

सव्वाअकराला टेबलावरचा इंटरकॉम वाजला. त्याला छोटी पट्टी आहे, कुठल्या फ्लॅटचा फोन ते दिसतं. ११०४. उचलला. खरखर खूप. आणि त्या खरखरीतून बाईचा आवाज, लांबून आल्यासारखा.

"चावी घेऊन वर या."

"शब्द?" मी विचारलं.

"सुकेळी."

खरं सांगते, मला भीतीबिती काही वाटली नाही. मला राग आला. डोक्यात हिशेब असा झाला, की शब्द जुना आहे, म्हणजे वहिनी असताना कुठल्यातरी कामवालीनं ऐकलेला, आणि आता कोणीतरी आपल्यावर प्रयोग करतंय. आणि घरात बसलेल्या माणसाला घराची चावी कशाला लागते? मी म्हटलं, "शब्द चूक आहे," आणि फोन ठेवला. काकांच्या मोबाइलवर एकदा रिंग दिली, उचलला नाही. ते तो सायलेंटवर टाकून विसरतात, आंघोळीला गेले असतील, असं म्हणून सोडून दिलं. रजिस्टरात लिहिलं : ११.१५, ११०४, शब्द चूक, नाकारलं.

दारात आमचा वॉचमन रामसूरत उभा होता. गोरखपूरकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, "मौसी, काका के घर से था?"

"नाही रे, कोणीतरी टवाळ."

मग सातशे तीनचे कंपनीवाले चावीसाठी आले, त्यांचं एकमेकांत भांडण, तुझ्याकडे होती की माझ्याकडे होती. मग पाण्याच्या टाकीवाला आला. त्यात वेळ गेला.

बाराला वीस कमी असताना परत वाजला. रामसूरतनं वाकून पट्टी बघितली. "मौसी, फिर से ग्यारह सौ चार."

मी उचलला. या वेळी खरखर नव्हती. नुसता एक शब्द आला.

"सुकेऽळी."

आणि माझ्या तोंडून — मी विचार करून बोलले नाही, ते आपोआप गेलं — माझ्या तोंडून गेलं, "शब्द बदललाय हो, वहिनी."

मग उत्तर आलं. रागानं नाही, रडून नाही... दूध संपलंय हे कोणी आधी का बोललं नाही, असं म्हणतो ना आपण, तेवढ्याच सुरात.

"मला कोणी सांगितलं नाय."

आणि फोन बंद.

मी उठले. बोर्डावरून केळीच्या पानाची खूण असलेली चावी काढली. रजिस्टरात लिहिलं नाही. इतक्या वर्षांत शब्दाशिवाय आणि नोंदीशिवाय निघालेली ती पहिली चावी. रामसूरत मागोमाग आला. लिफ्टमध्ये त्यानं विचारलं, "किसका फोन था, मौसी?"

म्हटलं, "घर का ही था."

बेल वाजवली, हाका मारल्या. आतून फक्त पाण्याचा आवाज. कडी लावलेली नव्हती, चावी लगेच फिरली. काका स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेले, डाव्या कुशीवर. नळ चालू, बाटली सिंकमध्ये आडवी. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे उघडे. मला बघून काहीतरी बोलले, ते कळलं नाही.

रामसूरतनं नळ बंद केला आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही. आणि बोलता बोलता माझी नजर हॉलच्या भिंतीकडे गेली. जिथे इंटरकॉम असतो तिथे तो नव्हता. भिंतीवर चौकोनी पांढुरका डाग, आणि वायरचं टोक, काळी टेप गुंडाळलेलं. फोन शोकेसच्या वर होता, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला. पिशवीवर धूळ.

नंतर वैशालीकडून कळलं, आई गेल्यावर बाबांनी तो महिनाभरात काढून टाकला होता. वाजला की त्यांना वाटायचं, खाली पिशवी घेऊन उभी आहे.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे चांगले कधी पाहिलेत? मी खरं ते सांगितलं, साडेदहा. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. पण वेळेत आणलंत, म्हणाले, जीव वाचला, बोलणं पण सुधारेल. आणि फाइल मिटता मिटता आणखी एक वाक्य बोलले, सहज. "अजून अर्धा तास आधी मिळाले असते तर कदाचित हातही पूर्ण वाचला असता." कदाचित म्हणाले. मग पुढच्या पेशंटकडे गेले.

काका डावखुरे. तोच हात गेला. म्हणजे अगदी गेला नाही, हलतो, पण बोटं मिटत नाहीत. कप धरता येत नाही. आणि चावी फिरवता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोणाला विचारलं की नाही. विचारलं. दुसऱ्याच दिवशी इंटरकॉमवाल्याला बोलावला. तो म्हणाला, पावसात वायरींच्या डक्टमध्ये ओल येते, एका फ्लॅटची लाइन दुसऱ्यावर चढते, नंबर चुकीचा दिसू शकतो. बरं. म्हणजे फोन दुसऱ्या घरातून आला असेल. मग मी नवव्या मजल्यापासून वर एकेक दार वाजवलं. कोणी बाईनं मंगळवारी खाली फोन केला होता का? तीन घरं बंद, बाकीच्यांनी नाही म्हटलं. एक मुलगी म्हणाली, "आंटी, आम्ही सगळं ॲपवर करतो." रामसूरतनं दोन्ही वेळा घंटी ऐकली, नंबर दुसऱ्या वेळी डोळ्यांनी बघितला. आवाज फक्त मी ऐकला. तेव्हा आवाजाचं काय ते माझ्या एकटीवर. आणि शब्द? तो वहिनी, काका आणि मी, तिघांनाच माहीत. वैशालीला मी आडून विचारलं, तर ती म्हणाली, "असा काही शब्द असतो हेच मला माहीत नव्हतं, मावशी." एखाद्या कामवालीनं ऐकला असेल, ही शक्यता मी अजून सोडलेली नाही. पण त्या कामवालीला काका पडलेत हे कसं कळलं, इथे माझी गाडी थांबते.

दीड महिन्यानं काका परत आले. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं होतं. पाचला खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले,

"नमूताई, तुमी वर कशा काय आलात त्या दिवशी?"

"इंटरकॉम वाजला ना, काका."

"इंटरकॉम शोकेसवर हाय."

"हो. बघितला मी."

मग मी त्यांना सांगितलं. बाईचा आवाज होता. सुकेळी म्हणाली. काकांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, जसं दुसऱ्या कोणाचा हात ठेवावा. हसले नाहीत, रडले नाहीत. जन्मभर बॉयलरचे काटे वाचलेला माणूस, एकच प्रश्न विचारला.

"एकदाच वाजला?"

आणि मी म्हटलं, "एकदाच."

का म्हटलं? माहीत नाही. त्या क्षणी मला तो हात दिसत होता. एवढंच.

तेव्हापासून रोज साडेसहाला मी काकांबरोबर लिफ्टनं वर जाते आणि त्यांचं दार उघडून देते. ते रोज म्हणतात, "तुमच्यामुळं वाचलो हां, नमूताई." मी रोज म्हणते, "चला, पायरी सांभाळा." तिथे पायरी नाही, उंबरा आहे अर्ध्या बोटाचा. पण काहीतरी म्हणायला लागतं.

शब्द अजून 'व्हॉल्व्ह'च आहे. इंटरकॉमचं टोक टेपमध्ये आहे. परत कधी ११०४ पट्टीवर आला नाही. तो फोन कुठून आला, कोणी केला, मला आजही सांगता येत नाही, आणि तुमच्यापैकी कोणी वायरीतला जाणकार असेल आणि मला समजावून देईल, तर मी त्याचं ऐकायला तयार आहे. खरंच. वायरीचं काही निघालं तर बरंच आहे. पण रजिस्टरचं पान मी रोज उघडते, आणि त्यावर सव्वाअकराची नोंद माझ्याच अक्षरात आहे. तिला कुठलीही वायर लागत नाही.

हे सगळं लिहून पाठवायचं ठरवलं, कारण समोर बसून मला बोलवत नाही, आणि हा अंक आमच्याकडे आला की मी वाचून काकांच्या हातात देते, हे ठरलेलं आहे. भिंग आता ते उजव्या हातानं धरतात.

तर काका, इथपर्यंत वाचलं असेल. फोन दोनदा वाजला होता. पहिल्यांदा शब्द चुकला म्हणून मी ठेवून दिला, आणि पंचवीस मिनिटं खाली दुसऱ्यांच्या चाव्या देत बसले. दुसऱ्यांदा मी शब्द बदलल्याचं सांगितलं, तर तिकडून उत्तर आलं, मला कोणी सांगितलं नाय.

तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, मी खालीच आहे. दुसऱ्या कोणाच्या हातून दार उघडून घ्यायचं असेल तर तसं करा, रामसूरतला मी सांगून ठेवलंय. शब्दही हवा तर पहिला ठेवा, हवा तर हाच राहू दे. पण या वेळी, काका, घरात सगळ्यांना सांगा.